आधी म्यान पाहा, मग चाकू

श्रोतेहो, नमस्कार. रानात वाट चुकली, रात्र उघड्यावर काढायची वेळ आली, तर जवळ असावा असा जो चाकू, ज्याला सर्व्हायव्हल नाईफ म्हणतात, त्याच्याविषयी आज बोलायचं आहे. आणि सुरुवात मी म्यानापासून करणार आहे.

एकदा भर पावसात एका उतारावरून घसरत खाली आलो. सावरून कमरेला हात लावला, तर म्यान जागेवर होतं आणि चाकू नव्हता. म्यानाच्या बटणाची पट्टी झुडपात अडकून उघडली असणार. तासभर शोधलं, मिळाला नाही. तेव्हापासून चाकू घेताना मी आधी म्यान हातात घेतो.

आता चाकूची कामं बघा. दोरी कापणं, खुंट्या तासणं ही सोपी. खरी कसोटी लागते ती ओल्या लाकडातून कोरडा गाभा काढताना. मनगटाएवढं दांडकं उभं करायचं, त्यावर पातं आडवं टेकवायचं आणि दुसऱ्या सोट्याने पात्याच्या पाठीवर ठोकत जायचं. हा मार सोसायचा तर पात्याचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत एकसंध गेलेलं हवं. बोटभर सळई मुठीत खुपसलेला चाकू अशा वेळी मुठीपाशीच मोडतो. पोकळ मुठीत काड्या नि गळ ठेवायची सोय असलेले चाकू मला म्हणूनच पटत नाहीत. सगळा जोर ज्या जोडावर येतो, तोच त्यांचा कच्चा. पाठीवर करवतीचे दाते असले, तर लाकूड त्यांनी धड कापलं जात नाही, आणि ठोकताना सोटा मात्र कुरतडला जातो.

पातं दहा ते तेरा सेंटिमीटर लांब आणि तीन-चार मिलिमीटर जाड असलं की पुरे. त्याहून लांब पात्याने बारीक काम करताना हात अवघडतो.

फोडलेल्या गाभ्याची काडी ओंडक्यावर टेकवा. पातं जवळजवळ आडवं धरून वरून खाली न्या. लाकडाचा पापुद्रा कुरळा होत येतो, पण काडीपासून तुटत नाही. अशी वीस-पंचवीस कुरळी वळणं एका काडीवर जमली की ती लवकर पेट घेते. धार बोथट असेल तर वळणं न होता नुसते तुकडे गळतात. मग फेरो रॉडवर, म्हणजे घासली की ठिणग्या पाडणाऱ्या धातूच्या कांडीवर, पात्याची पाठ ओढायची. त्यासाठी पाठीची कड काटकोनी आणि तीक्ष्ण हवी. गोलसर घासलेल्या पाठीने ठिणगी पडत नाही, आणि मग लोक धारेनेच ओढतात नि धार घालवून बसतात.

पोलादाबद्दल थोडक्यात. साधं कार्बन पोलाद दगडावर पटकन धार घेतं, पण गंजतं. स्टेनलेसमध्ये निदान १०.५ टक्के क्रोमियम असतं, त्यामुळे ते ओल सोसतं. दोन्ही चालतात, फक्त पोलादाला पाणी नीट दिलेलं, म्हणजे तापवून-विझवून ते नीट कडक केलेलं असावं. मूठ ओल्या हातातही न निसटणारी हवी आणि तिला बोटांचे खाचखळगे नसावेत. अर्धा तास तासकाम केलं की तिथंच फोड येतात.

आता पुन्हा म्यान. चाकू आत घालून म्यान उलटं धरा, खाली जाड घोंगडी अंथरा आणि जोरात झटका. पट्टी न लावताही चाकू आतच राहायला हवा, आणि तरीही एका हाताने ओढून काढता यायला हवा, कारण दुसरा हात जायबंदी असू शकतो. चामड्याच्या म्यानात शिवणीच्या आतून चामड्याची एक जादा पट्टी घातलेली आहे का, ते जरूर पाहा. ती नसेल तर चाकू आत-बाहेर होताना धार थेट दोऱ्यावर घासते, आणि एक दिवस शिवण उसवून पातं बाहेर डोकावतं. म्हणून काढताना मूठभर म्यान कवळू नका. धारेच्या बाजूला बोटं येऊच देऊ नका. कायडेक्स या कडक प्लॅस्टिकचं म्यान पाणी शोषत नाही, पण तळाला पाणी गळायला भोक हवंच.

आणि घरी आल्यावर पातं पुसून, तेलाचं बोट फिरवून, चाकू चामड्याच्या म्यानाबाहेर ठेवा. चामडं ओल धरून ठेवतं, आणि ते कमावताना वापरलेल्या द्रव्यांनीही पोलादावर डाग पडतात.