धोटा झिजला म्हणून माग विकत नाहीत

(बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात, पावसाळ्याच्या तोंडावर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. नवा मोबाइल कधी घ्यावा, हा विषय तुमच्या कार्यकर्त्यांनीच दिला. मी बेळगावात वीस वर्षं मोबाइल दुरुस्त करतोय. नवे फोन विकत नाही, त्यामुळे माझ्या बोलण्यात कुठल्या कंपनीचा फायदा नाही. पण मी दुरुस्तीवाला आहे, दुरुस्तीकडे माझा ओढा असणारच. तेवढं धरून चाला आणि ऐका.

माझं घर वडगावचं. घरात यंत्रमाग होते, मी त्यांच्या खडखडाटातच झोपलो, उठलो. धोटा, म्हणजे आडवं सूत घेऊन मागात इकडून तिकडे पळणारा तुकडा, झिजला की वडील धोटा बदलायचे. धोट्याला ढकलणारा पिकर फाटला की पिकर, पट्टा सैल झाला की पट्टा. धोटा झिजला म्हणून माग विकायला काढलाय, असं आमच्या गल्लीत कधी कुणी केलं नाही. माग बदलायचा विषय घरात दोनच वेळा निघाला. एकदा त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा. आणि एकदा बाजारात ज्या काठाची साडी चालत होती, ती त्या मागावर निघेना तेव्हा. फोन उघडताना माझ्या डोक्यात वडिलांचे हेच दोन प्रश्न असतात. याला लागणारं सामान अजून मिळतंय का? आणि याच्याकडून जे काम हवंय ते हा करतोय का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर राहिलेली सगळी दुखणी दुरुस्तीची आहेत.

मागच्या सुगीनंतरची गोष्ट. जांबोटीकडच्या एक मावशी मुलाला घेऊन दुकानात आल्या. “दादा, फोन बंद पडुलालाय बघा. चार्जच होईना झालाय. नवीन कुठला घेऊ ते तरी सांगा.” मुलानं दुकानातला फोन आधीच हेरून ठेवला होता, हप्त्याचा कागदही खिशात होता. मी फोन बंद केला, भिंगाखाली धरला आणि चार्जिंगच्या भोकात टॉर्च मारला. आत काळसर बूच बसलेलं. लाकडी दातकोरण्याची काडी तासून बारीक केली आणि कडेकडेनं हळूहळू उकरायला लागलो. आधी खिशातल्या कापडाचा पिंजलेला दोरा निघाला, मग भाताचं तूस, मग आणखी तूस, मळणीची दाबून घट्ट झालेली धूळ. टेबलावर चिमूटभर ढीग झाला. केबल लावली तर ती टक्कन आत बसली. इतके दिवस ती अर्धीच आत जात होती. मावशींनी पैसे विचारले, मी काही घेतलं नाही. मुलगा मात्र हिरमुसला, आणि त्याचं वाईट मलाही वाटलं. हे घरी तुम्हीही करू शकता. फक्त फोन बंद करा आणि सुई, टाचणी, सिमची पिन यातलं काही आत घालू नका. आतल्या पट्ट्या नाजूक असतात, धातू लागला की वाकतात, नाहीतर शॉर्ट होतात.

आता बॅटरी. माझ्याकडे ‘फोन म्हातारा झाला’ म्हणून जे फोन येतात, त्यातल्या बहुतेकांची बॅटरी म्हातारी झालेली असते. आपल्या फोनमधली लिथियम बॅटरी साधारण ५०० वेळा पूर्ण भरून पूर्ण वापरली की तिची ताकद पहिल्याच्या ८० टक्क्यांवर येते. काही नव्या फोनांच्या बॅटऱ्या याहून जास्त टिकतात, पण आपल्याकडच्या नेहमीच्या फोनांना हा हिशेब लागू पडतो. पूर्ण एकदा म्हणजे काय? आज निम्मी वापरली, उद्या निम्मी वापरली, की एक फेरा. दिवसाला एक फेरा धरला तर दीड वर्षाच्या आतच ५०० होतात. उन्हात उभ्या ट्रॅक्टरवर फोन ठेवला, उशीखाली ठेवून रात्रभर चार्ज केला, तर आणखी लवकर. उष्णता हा बॅटरीचा सगळ्यात मोठा वैरी आहे.

जुनी बॅटरी नुसती लवकर संपते एवढंच नाही. कॅमेरा उघडला, व्हिडिओ कॉल लावला, की फोन एकदम जास्त वीज ओढतो. जुन्या बॅटरीला तो ओढा सोसत नाही, तिचा दाब पडतो आणि २० टक्के दिसत असतानाच फोन धाडकन बंद होतो. २०१७ च्या डिसेंबरात ॲपलनं स्वतः मान्य केलं की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग ते सॉफ्टवेअरमधून कमी करत होते, फोन असा अचानक बंद पडू नये म्हणून. त्यावर जगभर ओरड झाली आणि कंपनीनं बॅटरी बदलून द्यायचा दर उतरवला. नुसती बॅटरी बदलल्यावर त्या फोनांचा वेग परत आला. पंधरा-वीस हजारांच्या अँड्रॉइड फोनची चांगली बॅटरी साधारण हजार ते दोन हजारात बसते. फोन तीन वर्षांचा असेल, बाकी धड असेल, तर तेवढ्या पैशात तो आणखी दोन वर्षं जातो.

पण तुमच्या गावात मी आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण बेळगावातल्या गिऱ्हाइकाला ती लागू नाही. तुमच्याकडून आलेला फोन मी तपासतो, बॅटरी चांगली निघते. दुकानात दिवसभर ठेवला तर संध्याकाळी निम्मी शिल्लक. तोच फोन कणकुंबीला नेला की दुपारीच मान टाकतो. दोष फोनचा नाही, रेंजचा आहे. टॉवर लांब असला, मध्ये डोंगर-झाडी असली, की फोनला टॉवरपर्यंत पोचायला जास्त ताकद लावावी लागते. ओढ्यापलीकडच्या माणसाला हाक मारताना आपण जसा घसा ताणतो, तसंच. त्यातून आपला मुलूख हद्दीवरचा. चोर्ल्याकडे गेलं की गोव्याचा टॉवर, शिनोळीकडे गेलं की महाराष्ट्राचा, घरी आलं की परत कर्नाटकाचा. बसल्या जागी ‘स्वागत आहे’चे मेसेज येतात ते तुम्हाला माहीतच आहे. तो मेसेज येतो म्हणजे फोन एक टॉवर सोडून दुसरा धरतोय, परत पहिला शोधतोय, आणि हे सगळं बॅटरीच्या जिवावर.

अशा घरात नवा फोन आणला तरी तोही दुपारीच मान टाकणार. मी दोन माणसांना असा पश्चात्ताप करताना बघितलंय, म्हणून कळवळून सांगतो. आधी शेजाऱ्याचा, वेगळ्या कंपनीच्या सिमचा फोन एक दिवस घरात ठेवून बघा. त्याला रेंज बरी असेल तर सिम बदला, दोनशे-तीनशे रुपयांत काम होतं. सेटिंगमध्ये नेटवर्क ‘आपोआप’ निवडायचं बंद करून एकच कंपनी धरून ठेवता येते. घरात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग चालू करा, म्हणजे कॉल टॉवरऐवजी वायफायवरून जातात. आणि जिथं रेंज अजिबातच नाही अशा शिवारात जाताना फोन विमान मोडवर टाका, संध्याकाळपर्यंत बॅटरी टिकेल.

‘फोन हळू झाला’ ही तक्रार मी लवकर आटोपतो. जागा भरलीय का बघा. ६४ जीबीतली ६० जीबी शुभ सकाळच्या फुलांनी आणि लग्नाच्या व्हिडिओंनी भरली असेल तर कुठलाही फोन रेंगाळेल. व्हॉट्सॲपचं फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं बंद करा, दहा जीबी मोकळी करा, आणि मग बोला.

आपल्या भागात फोनकडून एक काम असं घेतलं जातं, जे पुण्या-मुंबईच्या माणसाच्या ध्यानातही येणार नाही. आपल्यातले कित्येक जण मराठी शाळेत शिकले, आणि घरी कागद येतो कानडी. उतारा, नोटीस, वीजबिल, पंचायतीचं पत्र. मग फोनचा कॅमेरा त्या कागदावर धरायचा आणि मराठीत वाचायचं. सत्तरीतले एक काका असेच आले. म्हणाले, “आता अक्षरं वाचता येईनात याला, नवीन घ्यावा लागणार.” मी बघितलं तर कॅमेऱ्यावरच्या काचेवर किल्ल्यांचे इतके ओरखडे की फोटो धुक्यात काढल्यासारखा. कानडीची गोल वळणाची अक्षरं त्या धुक्यात एकमेकांत मिसळत होती. कॅमेरा आतून उत्तम होता. वरची काच तेवढी बदलली, अडीचशे रुपये झाले. काकांनी तिथंच खिशातली नोटीस काढून टेबलावर पसरली, फोन धरला आणि मोठ्यानं मराठीत वाचून दाखवली.

इतका वेळ मी दुरुस्तीच्या बाजूनं बोललो. आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो.

एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे यायचे. त्यांचा फोन दणकट, बॅटरी मीच बदललेली. दरवेळी मी म्हणायचो, “गुरुजी, हा अजून पाच वर्षं हलत नाही.” त्या फोनचे सुरक्षेचे अपडेट, म्हणजे चोरट्यांना वाट मिळू नये म्हणून कंपनी पाठवते त्या सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या, चार वर्षांपूर्वीच थांबले होते, ते मी कधी बघितलंच नाही. पत्नीला दवाखान्यातून घरी न्यायच्या दिवशी त्यांनी बिल भरायला बँकेचं ॲप उघडलं, तर ‘या फोनवर ही आवृत्ती चालणार नाही’ असं आलं. रविवार, बँक बंद. पुतण्या गावाहून पैसे घेऊन येईपर्यंत तीन तास ती दोघं बाकावर बसून राहिली. गुरुजी मला एका शब्दानं बोलले नाहीत, पण चूक माझीच होती. सुटे भाग मिळतात का, एवढंच मी बघत होतो. फोनचा सगळ्यात महत्त्वाचा सुटा भाग म्हणजे अपडेट. तो फक्त कंपनीच देऊ शकते, माझ्या दुकानात मिळत नाही.

तेव्हापासून मी फोन हातात घेतला की आधी ती तारीख बघतो. सेटिंगमध्ये जा, ‘फोनविषयी’ उघडा, अँड्रॉइड आवृत्तीवर बोट ठेवा. सुरक्षा अपडेटची तारीख दिसेल. ती दोन-तीन महिन्यांपूर्वीची असेल तर निवांत राहा. वर्षाच्या मागची असेल आणि नवा अपडेट येत नसेल, तर त्या फोनवरून पैशांचे व्यवहार करू नका आणि नव्या फोनसाठी पैसे बाजूला टाकायला लागा. ॲपं लगेच बंद पडत नाहीत. २०१३ साली आलेल्या अँड्रॉइड ४.४ वर व्हॉट्सॲप २०२५ च्या सुरुवातीपर्यंत चालत होतं. पण बँकेची ॲपं एवढी वाट बघत नाहीत. मात्र एक गैरसमज नको. चोरट्यानं लग्नपत्रिका म्हणून धाडलेली फाइल तुम्ही आपल्या हातानं फोनमध्ये बसवलीत, तर कालच घेतलेला फोनही तुमचं खातं वाचवू शकणार नाही.

नवा घ्यायचाच ठरला, तर दुकानदाराला रॅम आणि कॅमेऱ्याआधी हे विचारा: अपडेट कुठल्या सालापर्यंत येणार? पिक्सेल ८ आणि गॅलक्सी एस२४ पासून गूगल आणि सॅमसंग त्यांच्या वरच्या फोनांना सात वर्षं अपडेट द्यायचं सांगतात. स्वस्त फोनांना कित्येकदा दोन-तीनच वर्षं मिळतात. आणि ही वर्षं फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतलात त्या दिवसापासून नव्हे. गणपतीच्या, दिवाळीच्या सवलतीत जो फोन तीन हजारांनी स्वस्त मिळतो, तो बऱ्याचदा दीड वर्षापूर्वीचा असतो. तीन वर्षांतली दीड वर्षं डब्यातच गेलेली. राहिलेल्या वर्षांनी किंमत भागून बघा. बारा हजारांचा फोन दीड वर्षं चालला तर वर्षाला आठ हजार पडले. वीस हजारांचा पाच वर्षं चालला तर चार हजार.

५जीसाठी फोन बदलू का, असं तरुण मुलं विचारतात. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. तुमच्या घरात उभं राहून कुणाच्या फोनवर ५जीची खूण दिसते का, ते बघा. दिसत नसेल तर त्यासाठी आज पैसे घालू नका, ४जीचे फोन चालू आहेत. पण दुसऱ्या कारणानं फोन घेतच असाल तर ५जीचा घ्या, चार-पाच वर्षं वापरायचाय.

कुणाचा वापरलेला जुना फोन घेणार असाल तर *#०६# दाबून पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढा आणि सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर तपासा, चोरीचा निघाला तर बंद होतो. आपला फोन दुसऱ्याला देताना त्यातून गूगल खातं आधी काढा, मगच सगळं पुसा. नाहीतर घेणाऱ्याकडे तो तुमचाच पासवर्ड मागत बसतो.

शेवटी एक काम आहे. तुमच्यातल्या काही जणांच्या घरी पाठ फुगलेला फोन कपाटात पडून असणार. आत गॅस होऊन बॅटरी फुगते आणि मागचं झाकण उचललं जातं. तो चार्जला लावू नका, दाबू नका, टोचू नका, केराच्या ढिगात तर मुळीच टाकू नका. तो ढीग कुणीतरी पेटवतो आणि लिथियमची आग पाण्यानं सहज विझत नाही. मी येताना वाळू भरलेला पत्र्याचा डबा आणलाय, तो बाहेर पायरीशी ठेवलाय. ज्यांची घरं जवळ आहेत त्यांनी आत्ता जाऊन असे फोन घेऊन या, मी ते बेळगावला ई-कचरा घेणाऱ्यांकडे पोचवतो. माझी बस साडेसातची आहे, तोवर मी इथंच थांबतो.