वाटीचं वजन

आमच्या लहानपणी गिरगावात नानकटाई घरी भाजत नसत. मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचं आणि संध्याकाळी डबा भरून आणायचा. आईचं प्रमाण ठरलेलं: दोन वाट्या मैदा, एक वाटी पातळ तूप, एक वाटी पिठीसाखर. बेकरीत सगळा हिशेब किलोचा. म्हणून एका दिवाळीत तिनं सरळ एक किलो मैदा, अर्धा किलो तूप, अर्धा किलो साखर नेली. नानकटाई कडक झाली. भट्टी जास्त तापली असणार, असं ती कितीतरी दिवस म्हणत होती. भट्टीचा दोष नव्हता, हे मला पुष्कळ वर्षांनी, घरात काटा आल्यावर कळलं.

तिची ती वाटी माझ्याकडे आहे. त्यात 150 मिली पाणी मावतं. मैदा भरला तर सुमारे 78 ग्रॅम, पिठीसाखर साधारण तेवढीच, पण तूप 135 ग्रॅमच्या आसपास. आता किलोत मांडा. एक किलो मैद्याला साखर अर्धा किलो बरोबरच होती, तूप मात्र पाऊण किलोच्याही वर, जवळजवळ 870 ग्रॅम हवं होतं. वाटीतलं ‘निम्मं’ आणि काट्यावरचं ‘निम्मं’ एक नसतं.

हा घोळ आपल्याकडे जुना आहे. चिपटं, मापटं, शेर, पायली ही धान्याची मापं. पण शेर हे वजनही होतं, ऐंशी तोळ्यांचं, म्हणजे साधारण 933 ग्रॅम. शब्द एकच, गोष्टी दोन! ऑक्टोबर 1958पासून मेट्रिक वजनं आली, दुकानातून शेर हळूहळू गेला. स्वयंपाकघरात वाटी राहिली, आणि ते योग्यच झालं. एका वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी घालताना वाटी कोणतीही असली तरी भात तसाच होतो. अडचण येते ती पाककृती घराबाहेर पडल्यावर. अमेरिकी पुस्तकातला कप 240 मिलीचा धरतात, ऑस्ट्रेलियातला 250चा, राईस कुकरसोबत येतो तो बहुधा 180चा.

म्हणून रिकामी वाटी काट्यावर ठेवा, आकडा शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम, तितके मिली. मग वाटी कोरडी करून रवा, साखर, बेसन एकेक भरून वजन लिहून ठेवा. पिठाच्या बाबतीत मी फार आग्रही आहे. नुकतं चाळलेलं पीठ हलकं भरतं, डब्यात दबलेलं जड. एकाच कपात मैदा 120 ग्रॅमही मावतो आणि दाबून भरला तर 150सुद्धा. खवलेल्या नारळाचंही तसंच. सोडा, हळद, वेलची यांना चमचाच बरा. घरगुती काट्याला दोन-तीन ग्रॅम नीट कळत नाहीत.

आणि घरात आई, आजी, सासूबाई असतील तर वाटी त्यांनाच भरू द्या, तुम्ही फक्त काटा वाचा. पुष्कळ बायका पीठ शिगोशीग भरतात आणि साखर सपाट, आणि दोन्हीला ‘एक वाटी’च म्हणतात. माझ्या आईची मैद्याची वाटी शिगेची होती की सपाट, हे विचारायचं माझं राहून गेलं. मघाशी सांगितलेले आकडे सपाट वाटीचे आहेत.