शाफ्ट तयार आहेत, चुंबक नाहीत

नमस्कार श्रोतेहो.

भोसरीत माझं एक लहानसं मशीनशॉप आहे. आठ माणसं, तीन सीएनसी म्हणजे संगणकाने चालणारी मशीन आणि दोन जुने लेथ. विजेच्या दुचाकीच्या मोटरमध्ये रोटरच्या, म्हणजे फिरणाऱ्या भागाच्या मधोमध जो शाफ्ट, म्हणजे दांडा बसतो, तो आम्ही करतो. 2025 च्या जूनमध्ये तेल लावून कागदात गुंडाळलेले शाफ्ट आमच्या शेडमध्ये भिंतीपर्यंत रचलेले होते आणि माल उचलायला गाडी येत नव्हती. फोन केला, तर पलीकडून उत्तर आलं, "साहेब, माल सध्या तुमच्याकडेच राहू द्या. मॅग्नेट नाहीत."

आमच्याकडे तेवीस वर्षं काम करणारे एक फिटर आहेत. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. ते म्हणाले, "लोखंड आहे, तांबं आहे, हात आहेत. मग बोटाएवढ्या चुंबकासाठी लाइन बंद कशी काय पडते?" या एका प्रश्नामागे मी बरेच महिने होतो. जे कळलं ते आज तुम्हाला सांगतो.

हा चुंबक शाळेतल्या नालाच्या आकाराच्या चुंबकासारखा नव्हे. तो निओडिमियम नावाचं दुर्मीळ मूलद्रव्य (रेअर अर्थ), लोखंड आणि बोरॉन यांचा असतो. दोन तुकडे एकमेकांना चिकटताना मध्ये बोट सापडलं, तर नख काळंनिळं होतं. मोटर तापली की चुंबकाची ताकद ढळते, म्हणून त्यात डिस्प्रोसियम किंवा टर्बियम ही त्याच कुळातली मूलद्रव्यं घालतात. किती, तर फोडणीत हिंग घालतो तितकं. पण ती चिमूट नसेल तर पुढचं सगळं अडतं.

2 एप्रिल 2025 रोजी अमेरिकेने जगभरच्या मालावर नवं आयातशुल्क जाहीर केलं. दोनच दिवसांनी, 4 एप्रिलला, चीनने सात दुर्मीळ मूलद्रव्यांच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला. रोख वॉशिंग्टनवर होता, पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. पुण्यातल्या विजेच्या स्कूटरच्या उत्पादनाला त्या पावसाळ्यात कात्री लागली. परवाना हवा असेल तर हा चुंबक शस्त्रात जाणार नाही, असं लिहून द्यायचं. कारण तो क्षेपणास्त्राचे पंख वळवणाऱ्या मोटरमध्येही असतो. अमेरिकेच्या एका एफ-35 विमानात 400 किलोहून अधिक दुर्मीळ मूलद्रव्यं असतात. स्कूटर आणि लढाऊ विमान एकाच अर्जाच्या रांगेत उभी राहिली, ती अशी.

आता या मूलद्रव्यांची आणि चुंबकांची किल्ली चीनच्या हाती कशी गेली? "त्यांच्या जमिनीतच आहे" असं लोक म्हणतात, पण ते अर्धंच खरं आहे. ही मूलद्रव्यं नावाइतकी दुर्मीळ नाहीत. ती एकमेकांपासून वेगळी करणं मात्र जिकिरीचं आहे. आम्लांचे आणि द्रावकांचे शेकडो टप्पे, शिवाय मागे उरणारा घातक गाळ. चीनने हे काम अनेक दशकं, तोटा सोसून आणि नद्या-शेतं खराब होऊ देऊन केलं. बाकीच्या जगाने ते आनंदाने त्याच्यावर सोडलं. निओडिमियम चुंबकाचा शोध 1980 च्या दशकात जपानमध्ये आणि अमेरिकेत लागला. जनरल मोटर्सने त्यासाठी मॅग्नेक्वेंच नावाची कंपनी काढली. 1995 मध्ये ती विकली गेली, घेणाऱ्यांत चिनी कंपन्या होत्या, आणि काही वर्षांत अमेरिकेतले तिचे कारखाने बंद होऊन काम चीनला गेलं. पुढे ज्याची टंचाई होणार होती, ते अमेरिकेने स्वतःच विकून टाकलं होतं.

जपानला याचा चटका आधीच बसला होता. 2010 मध्ये समुद्रातल्या बेटांवरून वाद पेटला आणि चीनकडून जपानला जाणारा हा माल अडला. जगात भाव आकाशाला भिडले, सगळीकडे नव्या खाणींची भाषा सुरू झाली. थोड्याच काळात भाव कोसळले. मोलिकॉर्प या अमेरिकी खाण कंपनीचं 2015 मध्ये दिवाळं निघालं. त्याच पडत्या भावात ऑस्ट्रेलियाची लायनस टिकली, कारण जपानने तिच्यात सरकारी पैसा घातला होता आणि तिचा माल घेत राहण्याचं ठरवलं होतं. जपानचं चीनवरचं अवलंबन सुमारे 90 टक्क्यांवरून 60 च्या आसपास आलं, त्यालाही दहा वर्षं लागली. आजच्या विषयात मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट. टंचाईत सगळेच जागे होतात. जपान स्वस्ताईतही जागा राहिला.

अमेरिकाही नाड्या आवळायला मागे नाही. 7 ऑक्टोबर 2022 रोजी तिने प्रगत चिप आणि त्या बनवणारी यंत्रं चीनला देण्यावर बंधनं घातली. चिपवर सर्वांत बारीक रेषा उमटवणारं यंत्र नेदरलँड्सची एएसएमएल ही एकच कंपनी करते, आणि ते चीनला मिळत नाही. तरीही ऑगस्ट 2023 मध्ये हुआवे या चिनी कंपनीने चीनमध्येच बनलेल्या सात नॅनोमीटरच्या, म्हणजे बऱ्यापैकी प्रगत चिपचा फोन बाजारात आणला.

माझ्या धंद्यातला माणूस या सगळ्यात तोशिबाचं प्रकरण विसरत नाही. 1980 च्या दशकात जपानच्या तोशिबाच्या एका उपकंपनीने सोव्हिएत रशियाला धातू कापणाऱ्या मोठ्या मिलिंग मशीन विकल्या. त्यांवर पाणबुडीचे पंखे इतके सफाईदार कापता येत होते की पाण्याखालचा आवाज कमी झाला, असा अमेरिकेचा आरोप होता. 1987 मध्ये हे उघड झालं, तेव्हा अमेरिकी खासदारांनी संसदेबाहेरच्या हिरवळीवर घण घालून तोशिबाचा रेडिओ फोडला. आपण ज्याला साधं मशीन म्हणतो, त्याच्यावरून देश एकमेकांवर डोळे वटारतात, हे मला त्या बातमीने शिकवलं.

आता आपल्या गावाकडे येऊ. त्याच सुमारास भारताला महासंगणक हवा होता. तिथल्या क्रे कंपनीचा मोठा महासंगणक द्यायला अमेरिका तयार नव्हती. हवामानाच्या कामासाठी दिला तो कमी ताकदीचा, आणि तोही पहाऱ्याच्या अटींवर. मग 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक ही महासंगणक बनवण्यासाठीची सरकारी संस्था उभी राहिली आणि डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये 'परम 8000' हा महासंगणक तयार झाला. पुणेकरांना याचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण पूर्ण हकिगत सांगायची तर त्यातल्या चिप ब्रिटनच्या होत्या. आपल्या लोकांचं कसब होतं ते अनेक लहान चिप जोडून एक मोठं काम करून घेण्यात. अशा प्रगत चिप देशात बनवणं तेव्हा राहिलं, ते अजून राहिलंच आहे. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपचं वाटप ठरवताना भारताला मधल्या रांगेत बसवून मर्यादा घातली. मे महिन्यात तो नियम मागे घेतला गेला, म्हणून आपण सुटलो.

पिंपरीची आठवण मला याहून अधिक टोचते. 1954 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने तिथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि देशात पेनिसिलिन बनू लागलं. माझे काका तिथल्या टाक्यांवर पाळीत होते. "आपण औषध करतो" हे वाक्य ते ज्या ताठ मानेने म्हणत, ते मला आजही ऐकू येतं. पुढे चीनचं पेनिसिलिन स्वस्त मिळू लागलं. देशातल्या टाक्या एकेक करून थंडावल्या आणि प्रतिजैविकांच्या गोळ्यांसाठी लागणारा मूळ पदार्थ आपण बाहेरून आणू लागलो. सरकारी प्रोत्साहन योजनेतून आंध्रात काकीनाडाजवळ तो पुन्हा बनायला लागला, तेव्हा 2024 उजाडलं होतं. ही विद्या कोणी आपल्यापासून हिरावून नेली नव्हती. ती आपणच चार पैसे वाचवण्यासाठी सोडून दिली होती.

चुंबकांच्या बाबतीत आपली जमीन काही रिकामी नाही. केरळ, तामिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट हे दुर्मीळ मूलद्रव्यांचं खनिज आहे. त्यात किरणोत्सारी थोरियम असल्याने ते अणुऊर्जेच्या कायद्याखाली येतं, म्हणून हे काम मुख्यतः 1950 मध्ये सुरू झालेल्या सरकारी कंपनीपुरतंच राहिलं. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्र सरकारने 7,280 कोटी रुपयांची योजना मंजूर केली, वर्षाला 6,000 टन चुंबक देशात बनवण्यासाठी. मला तिचं मनापासून स्वागत करावंसं वाटतं. माझी काळजी पुढची आहे. कारखाना उभा राहील, आणि त्याच सुमारास चिनी चुंबक पुन्हा स्वस्तात येऊ लागतील. तेव्हा आपला, किलोमागे महाग पडणारा चुंबक कोण घेईल? खरेदी विभागातला माणूस घेणार नाही, कारण त्याला वर्षअखेरीस बचत दाखवायची असते. आणि त्याला मी कोणत्या तोंडाने बोलू? माझ्या शॉपमधली, धातू कापणारी कार्बाइडची टिप मीही वर्षानुवर्षं बाहेरचीच घेतली, कारण नगामागे पन्नास रुपये वाचत होते. म्हणून मला वाटतं की उभारणीच्या अनुदानाइतकीच खरेदीची हमी लागेल, तीही दहा-पंधरा वर्षांची. गाड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी आणि संरक्षण खात्याने ती लेखी दिली पाहिजे.

आमचे शाफ्ट शेवटी उचलले गेले, दोन महिन्यांनी. काहींवर गंज धरला होता, ते आम्ही पुन्हा पॉलिश करून दिले. परवा एका ग्राहकाकडून नवं ड्रॉइंग आलं. मोटर साध्या फेराइट चुंबकाची आहे, त्यात दुर्मीळ मूलद्रव्य नाही. ताकद तेवढीच मिळावी म्हणून रोटर मोठा आणि शाफ्ट जाड. अण्णांनी ड्रॉइंग दोनदा पाहिलं, मापाची पट्टी काढली आणि म्हणाले, "मशीनच्या चकमध्ये बसेल." उद्या सकाळच्या पाळीत पहिला नमुना लावतोय.

नमस्कार.