शत्रूंचे शिलालेख आणि संदेष्ट्यांची वाणी

श्रोतेहो, नमस्कार. आज आपण यहुदी धर्माच्या उगमाविषयी आणि हिब्रू लोकांच्या, म्हणजे प्राचीन इस्राएली लोकांच्या, आरंभीच्या इतिहासाविषयी बोलणार आहोत.

इस्राएल हे नाव बायबलच्या बाहेर पहिल्यांदा स्पष्टपणे आढळते, ते त्याच्या विनाशाची घोषणा करणाऱ्या एका ओळीत. इजिप्तचा फारो मेर्नेप्ताह याने इसवी सनापूर्वी १२०८च्या सुमारास आपल्या विजयांचे वर्णन एका भव्य शिळेवर कोरून घेतले आणि ही शिळा १८९६ मध्ये फ्लिंडर्स पेट्री या पुरातत्त्वज्ञाला थीब्ज येथे सापडली. लेखाच्या अखेरीस कनान देशातील, म्हणजे आजच्या इस्राएल-पॅलेस्टाइनच्या परिसरातील, अश्कलोन, गेझेर आणि यानोआम या पराभूत नगरांची नावे येतात आणि त्यानंतर, इस्राएल उजाड झाला, त्याचे बीज उरले नाही, असे शब्द येतात. नगरांच्या नावांना इजिप्शियन लिपीतील भूमिदर्शक चिन्ह जोडलेले आहे, इस्राएलच्या नावाला मात्र लोकसमूहाचे चिन्ह आहे. म्हणजे फारोच्या लेखनिकाच्या दृष्टीने इस्राएल हा एखादा देश नव्हता, तो माणसांचा समुदाय होता.

पुढे साडेतीनशेहून अधिक वर्षांनी, मृत समुद्राच्या पूर्वेकडील मवाब देशाचा राजा मेशा यानेही आपल्या शिलालेखात तसाच दावा केला: इस्राएल कायमचा नष्ट झाला. हा लेख १८६८ मध्ये आजच्या जॉर्डनमधील धीबान येथे मिळाला आणि तो आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. या लेखाकडे आपल्याला पुन्हा वळावे लागेल, कारण हिब्रू धर्मविचाराचे वेगळेपण समजून घ्यायला त्याच्याइतका उपयुक्त पुरावा दुसरा नाही.

परंतु हे लोक आले कोठून? बायबलमधील कथा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे: खास्द्यांच्या ऊर नगरातून निघालेला अब्राहाम, त्याचा नातू याकोब आणि याकोबाचे १२ पुत्र, इजिप्तमधील दास्य, मोशेच्या नेतृत्वाखाली झालेली सुटका, सीनाय पर्वतावर मिळालेले नियमशास्त्र आणि अखेरीस यहोशवाने जिंकलेला कनान देश. इजिप्तच्या लेखांत या सुटकेचा उल्लेख मिळत नाही. ज्या यरीहो नगराची तटबंदी यहोशवासमोर कोसळल्याचे बायबल सांगते, तेथे १९५०च्या दशकात कॅथलीन केन्यन यांनी केलेल्या उत्खननात यहोशवाच्या काळाशी जुळणारी तटबंदीही आढळली नाही. मात्र कनानच्या मध्यवर्ती डोंगराळ भागात इसवी सनापूर्वी १२०० नंतर शेकडो लहान वस्त्या नव्याने उभ्या राहिल्याचे पाहणीतून दिसून आले आहे. तेथील मडकी, भाषा आणि लिपी ही सर्व कनानी परंपरेचीच आहेत. म्हणूनच आज बहुतेक अभ्यासक असे मानतात की प्राचीन इस्राएली हे मोठ्या प्रमाणात त्याच भूमीतले लोक होते आणि इजिप्तमधून निसटलेला एखादा लहान गट त्यांच्यात मिसळला असावा, ज्याची आठवण पुढे सर्वांची आठवण झाली.

ही आठवण मला फार मोलाची वाटते. आपले पूर्वज देवपुत्र होते, राजे होते, असे सांगणारी राष्ट्रे प्राचीन काळी पुष्कळ होती. आपले पूर्वज परक्या देशात विटा थापणारे दास होते, हे सणासुदीला मुलाबाळांसमोर सांगणारा समाज विरळा. आणि त्या आठवणीतून नियमही निघाला: परक्याचा छळ करू नका, कारण तुम्हीही इजिप्त देशात परके होता.

आरंभीचा इस्राएली धर्म मात्र पुढच्या यहुदी धर्मासारखा नव्हता. सीनायच्या वाळवंटातील कुंतिल्लत अज्रूद येथे १९७०च्या दशकात मिळालेल्या, इसवी सनापूर्वी ८००च्या सुमाराच्या रांजणांवर ‘शोमरोनचा यहोवा आणि त्याची अशेरा’ यांच्या नावाने आशीर्वाद लिहिलेले आहेत. यहोवा हे इस्राएलच्या देवाचे नाव; शोमरोन ही उत्तरेकडील इस्राएल राज्याची राजधानी होती, तर दक्षिणेकडे यहूदाचे वेगळे राज्य होते. अशेरा हे कनानी देवीचे नाव होते, आणि येथे देवी अभिप्रेत आहे की तिचा पूजास्तंभ, याविषयी अद्याप वाद आहे. इतके नक्की की एकच देव आहे, ही भूमिका इस्राएलात आरंभापासून सर्वमान्य नव्हती. बायबलमधील संदेष्टे, म्हणजे देवाचा संदेश लोकांना सांगणारे, आपल्याच लोकांशी इतक्या पोटतिडकीने का भांडतात, याचे उत्तर अशा रांजणांवर मिळते.

आता मेशाच्या लेखाकडे वळू. इस्राएलच्या अम्री राजाने मवाबवर दीर्घकाळ जुलूम केला, कारण मवाबचा कमोश देव आपल्या भूमीवर रागावला होता, असे मेशा सांगतो. म्हणजे स्वतःच्याच देवाचा कोप झाल्याने राष्ट्राचा पराभव होतो, ही कल्पनाही एकट्या हिब्रूंची नव्हती. पण कमोश का रागावला, हे मेशा सांगत नाही. हिब्रू संदेष्ट्यांनी नेमके तेच सांगितले. इसवी सनापूर्वी ७५०च्या सुमारास तकोवा गावचा मेंढपाळ आमोस उत्तरेकडील राज्यातील बेथेल येथे गेला आणि तुम्ही नीतिमानाला रुप्यासाठी आणि गरिबाला वहाणांच्या जोडासाठी विकता, असे त्याने तेथील संपन्न समाजाला सुनावले. तुमचे सण मला नकोत, तुमची गाणी मला नकोत, न्याय पाण्यासारखा वाहू द्या, असे देवाच्या वतीने तो बोलला. इतकेच नव्हे, तर इस्राएलला मी इजिप्तमधून आणले तसे शेजारच्या पलिष्ट्यांना कफतोरहून आणि अराम्यांना कीराहून आणले नाही काय, असा प्रश्नही त्याने देवाच्या मुखी घातला. राष्ट्राचा देव राष्ट्राच्या बाजूने असतोच, हा शेजाऱ्यांचा आणि स्वकीयांचाही विश्वास आमोसाने मुळापासून हलवला.

त्यानंतर अश्शूर (असिरिया) या बलाढ्य साम्राज्याचे संकट आले. इसवी सनापूर्वी ७२२ मध्ये शोमरोन पडले आणि सर्गोन राजाच्या लेखानुसार २७ हजारांहून अधिक लोक बंदी करून नेण्यात आले. जे निसटले त्यांतील अनेकांनी दक्षिणेकडील यहूदाच्या राज्यात आश्रय घेतला असावा, कारण त्याच सुमारास तेथील राजधानी यरुशलेम (जेरुसलेम) झपाट्याने वाढलेले दिसते. पुढे ६२२ मध्ये योशीया राजाच्या कारकिर्दीत यरुशलेमच्या मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला, हुल्दा नावाच्या स्त्री संदेष्ट्रीने त्याचा खरेपणा सांगितला आणि राजाने इतर पूजास्थाने मोडून काढली. हा ग्रंथ म्हणजे बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा गाभा असावा, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. ‘हे इस्राएला, ऐक’ ही श्रद्धेची घोषणा याच पुस्तकात आहे. आपल्या रायगड जिल्ह्यातील बेने इस्राएल समाजाने, ज्याला शनिवारी घाणा बंद ठेवल्यामुळे शनवार तेली म्हणत, ग्रंथ जवळ नसतानाही हीच घोषणा पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवली, अशी त्या समाजाची परंपरा सांगते.

इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेम आणि मंदिर जाळले. राजा, मंदिर आणि भूमी ही तिन्ही गेली. एरवी अशा राष्ट्राचा देवही विस्मृतीत गेला असता. मवाबचा कमोश तसा गेला. पण हा अनर्थ देवाच्या दुर्बलतेमुळे नव्हे, तर आपल्या अन्यायामुळे ओढवला, हे स्पष्टीकरण संदेष्ट्यांनी आधीच देऊन ठेवले होते. यिर्मया या संदेष्ट्याने बाबेलातील बंदिवानांना पत्र पाठवून घरे बांधा, मळे लावा, ज्या नगरात आहात त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, असे कळवले. ते लोक खरोखरच तसे जगले. तेथील मातीच्या पाट्यांवर कैदी राजा यहोयाखीन आणि त्याचे पाच पुत्र यांना मिळणाऱ्या तेलाच्या शिध्याची नोंद आहे, तर अन्य पाट्यांवर ‘यहूदाचे नगर’ या नावाच्या वस्तीतील जमिनींचे आणि कर्जांचे व्यवहार आहेत. याच परक्या भूमीत, यशयाच्या पुस्तकातील उत्तरार्धाच्या अनामिक कवीने, माझ्याशिवाय दुसरा देव नाही, ही घोषणा पूर्ण निःसंदिग्धपणे केली आणि पर्शियाचा सम्राट कोरेश (सायरस) यालाही त्या देवाचा अभिषिक्त म्हटले.

कोरेशाने ५३९ मध्ये बाबेल जिंकल्यावर काही जण परतले आणि ५१५च्या सुमारास दुसरे मंदिर उभे राहिले. तरीही एकरूपता आलेली नव्हती. इजिप्तमधील एलिफंटाइन बेटावर यहुदी सैनिकांच्या वसाहतीचे स्वतंत्र मंदिर होते. ते उद्ध्वस्त झाल्यावर इसवी सनापूर्वी ४०७ मध्ये त्यांनी यहूदाच्या राज्यपालाकडे मदतीसाठी अर्ज केला, तेव्हा मिळालेल्या उत्तरात अन्नार्पण आणि धूप यांचा उल्लेख होता, पशुबळीचा नव्हता.

यरुशलेमात मात्र नवी रीत सुरू झाली होती. नहेम्याच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे एज्रा शास्त्री पाणीवेशीसमोरच्या चौकात लाकडी मंचावर उभा राहिला आणि पहाटेपासून दुपारपर्यंत त्याने स्त्रीपुरुषांसमोर नियमशास्त्र वाचले, तर लेवी वंशातील मंदिरसेवक जमलेल्या लोकांमध्ये फिरून त्याचा अर्थ समजावून देत होते. हे वाचन मंदिराच्या आवारात झाले नाही, त्यासाठी बळी लागला नाही. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने दुसरे मंदिरही जाळले, तेव्हा यहुदी उपासना याच वाचनाच्या आणि विवरणाच्या आधारावर सभास्थानांतून (सिनेगॉगमधून) पुढे चालू राहिली.