साडेसदतीस डॉलरचं पिस्तूल

(दृश्य : टेबलावर पिस्तूल, बाजूने हळू फिरणारा कॅमेरा)

तिरकी मूठ, बारीक नळी. बघणाऱ्याला आधी जर्मन लुगर पिस्तूल आठवतं. पण हे अमेरिकेतलं, कनेटिकट राज्यातल्या साउथपोर्ट गावात १९४९ साली तयार झालेलं. रुगर स्टँडर्ड. काडतूस पॉइंट २२ (जाडी इंचाच्या शंभरातल्या बावीस भागांएवढी), म्हणजे कागदी लक्ष्य, डबे आणि ससे एवढ्यापुरतं.

(दृश्य : विल्यम रुगर यांचं जुनं छायाचित्र)

हे पिस्तूल घडवणारे विल्यम रुगर मूळचे न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचे. काही काळ स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत, मग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एका खाजगी कंपनीत मशीनगनच्या आराखड्यांवर. युद्ध संपलं तेव्हा त्यांनी सुतारकामाची अवजारं बनवायला घेतली. माल उत्तम, किंमत जास्त. धंदा बसला.

त्याआधी, १९४५ मध्ये, पॅसिफिकमधल्या लढाईतून परतलेल्या एका मरीन सैनिकाकडचं जपानी ‘बेबी नंबू’ पिस्तूल त्यांच्या हाती आलं होतं. घरच्या गॅरेजमध्ये त्यांनी त्याच्या दोन नकला बनवल्या. विकायला काढल्या नाहीत, पण रचना लक्षात ठेवली.

(दृश्य : बोल्ट मागे ओढणारी बोटं, अगदी जवळून)

ती रचना ही. वरचा भाग म्हणजे सरळ एक गोल पोलादी नळकांडं. त्याच्या आत तसाच गोल बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा पोलादी दांडा, मागेपुढे सरकतो, मागे दिसतात ते फक्त पकडायचे दोन कान. गोळी सुटली की काडतुसाचा धक्का बोल्टला मागे ढकलतो, स्प्रिंग त्याला परत आणते आणि येताना तो पुढचं काडतूस उचलतो. नळी मात्र जागची हलत नाही. नेम धरायच्या पुढच्या-मागच्या दोन्ही खुणाही स्थिर राहतात. स्वस्तातल्या पिस्तुलाचा नेम इतका चांगला का, याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

(दृश्य : मुठीचे सुटे केलेले दोन भाग)

आता मूठ पाहा. त्या काळी चांगल्या पिस्तुलाची मूठ पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढत. मशीनचे तास, कारागिराचे तास आणि ढीगभर किस. रुगरनी पत्रा घेतला. प्रेसखाली डावी बाजू, प्रेसखाली उजवी बाजू, शेंगेच्या दोन टरफलांसारखी जुळवून वेल्डिंग. आतले बरेच भागही पत्र्यातून कापलेले, स्प्रिंगा वाद्यांच्या तारेच्या पोलादाच्या. ‘पत्र्याचं पिस्तूल’ म्हणून नाक मुरडणारे आजही भेटतात. त्यांनी हा जोड बोटाने चाचपून पाहावा.

(दृश्य : मुठीवरचा लाल गरुड)

कंपनी काढायला पैसा आला अलेक्झांडर स्टर्म यांच्याकडून, ५०,००० डॉलर. स्टर्म येल विद्यापीठातले, चित्रकार आणि शस्त्रांचे शौकीन. हा गरुडही त्यांनीच रेखाटलेला. १९५१ मध्ये, तिशीच्या आत, ते गेले. त्यानंतर गरुडाची लाल पार्श्वभूमी काळी झाली.

(दृश्य : नियतकालिकातली जुनी जाहिरात)

किंमत साडेसदतीस डॉलर. कोल्ट कंपनीचं पॉइंट २२चंच पिस्तूल ‘वुड्समन’ याहून बरंच महाग होतं. अमेरिकन रायफलमन या नियतकालिकात शस्त्रतज्ज्ञ ज्युलियन हॅचर यांनी चांगला अभिप्राय दिला आणि मागणी सुरू झाली. १९७७ मध्ये वुड्समन बंद पडलं. रुगर चालूच होतं. सायलेन्सर लावून ते व्हिएतनाममध्येही गेलं, आणि इतकं स्वस्त पिस्तूल किती घरांत, कुणाच्या हाती पोहोचलं, हा प्रश्न आहेच.

(दृश्य : पिस्तूल खोलणारे हात, एकाच सलग शॉटमध्ये)

या रचनेची एक खोड सांगायलाच हवी. खोलणं सोपं. मुठीच्या मागची कडी उघडा, बोल्टमधून जाणारी खीळ काढा, झालं. परत जोडताना आतला हॅमर (काडतूस पेटवण्यासाठी आपटणारा घोडा) नेमक्या जागी पडला नाही तर कडी बसतच नाही. मग पिस्तूल उलटं करा, सुलटं करा, चाप दाबा, पुन्हा पहिल्यापासून. साफसफाईच टाळणारे मालक यामुळेच निघाले.

१९८२ मध्ये याच पिस्तुलाची सुधारित आवृत्ती, मार्क टू, आली. त्यात शेवटची गोळी सुटल्यावर बोल्ट मागे अडकून राहू लागला, मॅगझीनमध्ये, म्हणजे मुठीतल्या काडतुसांच्या डबीत, नऊऐवजी दहा काडतुसं मावू लागली. खोड तशीच. मार्क थ्री आलं, तरी तशीच. २०१६ च्या मार्क फोरमध्ये मागे एक बटण आलं. ते दाबलं की वरचा भाग बिजागरीवर उचलला जातो आणि सुटा होतो. कंपनीला हे सुचायला ६७ वर्षं लागली.