पहिल्या बाकावरची पैठणी

श्रोतेहो, नमस्कार आणि जय ख्रिस्त.

नाताळ जवळ आला की चर्चमध्ये कपड्यांवर एक उपदेश ठरलेला असतो. बिनबाह्यांचं काही नको, जीन्स नको, डोक्यावर पदर हवा. सांगणारे बहुतेक पुरुष, ऐकणाऱ्या मुली. आधार बायबलमधल्या पौलाचा: तीमथ्याला पहिलं पत्र, अध्याय २, वचन ९. ते वचन एकदा नीट वाचा. मर्यादेनं राहा, असं पौल म्हणतो खरं. पण नको म्हणतो ते कशाला? केस गुंफण्याला, सोन्याला, मोत्यांना, मोलाच्या वस्त्रांना. पुन्हा सांगतो, सोनं, मोती, मोलाची वस्त्रं. बाहीची लांबी त्यात कुठंच नाही. त्याच्या आधीचं आठवं वचन पुरुषांसाठी आहे: राग आणि वाद सोडून प्रार्थना करा. त्यावर मात्र कुणी उपदेश करत नाही. चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचांच्या मीटिंगला तो फार उपयोगी पडेल, पण ते असो.

माझी आत्या श्रीरामपूरकडच्या एका खेड्यात दिली होती. घरचा ऊस, त्यामुळे हात सैल. नाताळला नवी पैठणी, ठुशी, पाटल्या आणि पहिल्या बाकावरची जागा, सगळं ठरलेलं. आता नाताळ म्हणजे ऐन तोडणीचा हंगाम. त्या वर्षी टोळीतलं एक ख्रिस्ती जोडपं भक्तीला आलं, जालन्याकडचं. बाईच्या अंगात लुगड्यावरून नवऱ्याचा शर्ट, पाचटानं हात कापू नयेत म्हणून घालतात तसा. कडेवर पोर, पोराच्या हातात उसाचं कांडं.

दारातले पंच म्हणाले, "मावशी, सणाचा दिवस आहे, जरा बरं काही नेसून यायचं."

बाई म्हणाली, "हायेत ते हेच, दादा." आणि चपलांपाशीच टेकली.

आत्या मागं वळून बघत होती. कोण काय नेसून आलंय हे बघायला ती दर गाण्याला वळायचीच. तिनं हे पाहिलं आणि गाणं चालू असताना मोठ्यांदा ओरडली, "अगं ए, तिथं काय बसलीस? हिकडं ये!" अख्खं चर्च गप्प. पेटीवालाही थांबला. बाई पुढं येऊन बसली, पोर सरकत सरकत आत्याच्या मांडीवर गेलं आणि पाळकसाहेबांचा उपदेश संपेपर्यंत पैठणीवर उसाचा चिकट रस.

आत्या काही संत नव्हती. आठवडाभर तिनं त्या डागापायी सगळ्यांचं डोकं खाल्लं. पण पुढच्या नाताळला साधं सुती इरकल नेसून आली. मी विचारलं, तर म्हणाली, "पैठणी नेसली की पोरं मांडीवर घेता येत नाहीत."

याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय हेच सांगतो. सोन्याची अंगठी घालून आलेल्याला तुम्ही चांगली जागा देता आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला म्हणता, तिथं उभा राहा, नाहीतर माझ्या पायाशी बस. दाखवण्याचा कपडा दुसऱ्याला मागं ढकलतो. पुन्हा सांगतो, मागं ढकलतो.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण पोशाख आपलाच ठेवला. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या त्यांच्या फोटोत साधं पांढरं वस्त्रच दिसतं. आणि आमच्याकडे लग्नाला कर्ज काढून शिवलेला गाउन, तोही एका दिवसापुरता! त्यात फोटोवाला वेदीवर चढतो, त्याला कुणी मर्यादा शिकवत नाही.

नवरीच्या आईवडिलांनो, छान पांढरी साडी घ्या. ती पुढं नाताळालाही नेसता येते.

नमस्कार.