काठासकट : टाइप ५५ ची निगेटिव्ह सपाट धरताना

(पडद्यावर : लाइट टेबल, म्हणजे खालून उजेड येणारं टेबल. उजेडावर एक निगेटिव्ह, कोपरे उचललेले.)

ही निगेटिव्ह बघा, आणि चित्र जरा नंतर, आधी तिचे काठ बघा. चारी बाजूंनी ही ओबडधोबड पट्टी, कुठे रसायन पसरल्याची खूण, आणि या टोकाला जाळीसारखी नक्षी. ही नक्षी कोणी मुद्दाम काढलेली नाही, फिल्मच्या बनावटीतूनच ती येते. पोलरॉइडची टाइप ५५, म्हणजे कागदावरच्या फोटोबरोबर जपून ठेवता येणारी निगेटिव्हही देणारी इन्स्टंट फिल्म, ज्यांनी वापरली आहे ते नुसत्या काठावरून ओळखतात.

आता कोपरा बघा. टेबलाला टेकतच नाहीये. बोटाने दाबला की बसतो, सोडला की परत वर. उन्हात वाळत घातलेल्या पापडाच्या कडा उचलल्या जातात ना, अगदी तसं. कारणही सोपं आहे, एका बाजूला जिलेटिनचं इमल्शन, म्हणजे चित्र धरणारा थर, ते सुकलं की आकसतं, खालचा प्लास्टिकचा बेस काही आकसत नाही, मग अख्खी शीट इमल्शनच्या बाजूला वळते. आणि टाइप ५५ ची शीट नेहमीच्या ४×५ इंची शीट फिल्मपेक्षा पातळ, त्यामुळे ती जास्तच ऐकत नाही.

(५४५ होल्डर. एक्स्पायर झालेलं पाकीट. लिव्हर, रोलर.)

पोलरॉइड कंपनी मूळची केंब्रिजची, म्हणजे अमेरिकेतल्या बॉस्टनहून नदी ओलांडली की पलीकडे, आणि हे शूटही आम्ही बॉस्टनजवळच्याच एका डार्करूममध्ये केलंय. ही फिल्म बाजारात आली १९६१ मध्ये. एका पाकिटात एकच शीट. ते कॅमेऱ्याच्या मागे बसणाऱ्या या होल्डरमध्ये सरकवायचं, फोटो घ्यायचा, ही लिव्हर फिरवायची आणि पाकीट एका दमात बाहेर ओढायचं. आतले रोलर रसायनाची पुडी फोडतात आणि ते रसायन निगेटिव्ह आणि कागद यांच्या मधे पसरतं. २१ अंश सेल्सिअसला २० सेकंद थांबायचं आणि सोलायचं.

मला या फिल्मची सगळ्यात आवडती गोष्ट इथे आहे. ज्या चांदीवर उजेड पडला ती निगेटिव्हमध्येच राहते, ज्या चांदीवर पडला नाही ती विरघळून कागदावर जाते आणि तिथे पॉझिटिव्ह तयार होतं. म्हणजे एकाच चांदीची वाटणी होऊन दोन चित्रं! सोलायच्या इतर बहुतेक इन्स्टंट फिल्ममध्ये निगेटिव्हची बाजू कचऱ्यात जायची, इथे तीच तर हवी असायची.

सोललेली निगेटिव्ह लगेच सोडियम सल्फाइटमध्ये, १८ टक्के, म्हणजे साधारण १ लिटर पाण्याला २२० ग्रॅम. त्यात चिकट रसायन सुटतं. फोटोग्राफर लोक डोंगरातसुद्धा सल्फाइटची बादली घेऊन फिरायचे, त्यासाठी वेगळी टाकीच मिळायची. अमेरिकेतले निसर्गाचे नामवंत फोटोग्राफर ॲन्सेल ॲडम्स पोलरॉइडचे सल्लागार होते, आणि कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या एल कॅपिटान कड्याचा त्यांचा १९६८ चा तो हिवाळ्यातल्या सकाळचा फोटो याच फिल्मवरचा आहे. मग धुणं, आणि वाळवणं. ओलं इमल्शन इतकं नाजूक की नख लागलं तरी ओरखडा कायमचा.

(डार्करूम. एन्लार्जर. कॅरिअर उघडताना हात.)

आता खरं काम. हे हात ज्या बाईंचे आहेत त्या दुसऱ्यांच्या निगेटिव्ह प्रिंट करून देतात. एन्लार्जर म्हणजे निगेटिव्हचं चित्र मोठं करून खाली कागदावर पाडणारं यंत्र, आणि कॅरिअर म्हणजे त्यात निगेटिव्ह धरणारी चौकट. त्यांनी आधी साधा कॅरिअर घेतलाय, बिनकाचेचा, दोन पत्रे आणि मधे चौकोनी भोक. नेहमीची निगेटिव्ह यात काठावर दाबली जाते आणि ताणून राहते, चित्राचा काठ थोडा झाकला गेला तरी कोणाला फरक पडत नाही. पण इथे काठच हवाय! काठ पूर्ण दिसायचा तर भोक मोठं पाहिजे, आणि भोक मोठं केलं की धरायला काही उरतच नाही. टाइप ५५ च्या मागची सगळी डोकेदुखी एवढीच आहे.

(बेसबोर्डवर, म्हणजे एन्लार्जरच्या खालच्या फळीवर पडलेलं चित्र. मधला भाग हळूहळू धूसर.)

इथे नीट बघा, कट केलेला नाही. दिवा लागला, फोकस छान आहे, आणि आता निगेटिव्ह तापतेय... गेला. शीट तापून फुगली आणि मधोमध फोकस गेला. याला निगेटिव्ह पॉप होणं म्हणतात. चित्र आहे ३.५×४.५ इंचांचं, चौपट मोठं केलं की १४×१८, म्हणजे १६×२० च्या कागदावर काठाला बरोबर जागा उरते. पण चौपट मोठं करताना निगेटिव्ह जर १ मिलिमीटर सरकली तर खाली फोकस सरकतो साधारण १६ मिलिमीटर, कारण तिथे चारचा वर्ग लागतो. लेन्सचं भोक एफ/११, एफ/१६ इतकं लहान करून थोडं सावरतं, सगळं नाही सावरत.

एक उपाय टेपचा. निगेटिव्हच्या चारी कडांना कमी चिकट टेप लावून कॅरिअरच्या पत्र्यावर ताणून चिकटवायची, दिवा थोडा वेळ चालू ठेवायचा, तिला काय पॉप व्हायचं ते होऊ द्यायचं आणि तापलेल्या अवस्थेतच फोकस करून लगेच एक्स्पोजर. चालतं हे. पण टेप काठावरच बसते, म्हणजे पुन्हा काठ गेला.

(दोन काचा. ब्रश. काळा कागद कापताना.)

म्हणून काच. खाली एक, वर एक, मधे निगेटिव्ह, इमल्शन खाली लेन्सकडे. ऐकायला सोपं वाटतं. आधी दोनच बाजू साफ करायच्या होत्या, आता सहा झाल्या, आणि प्रत्येक कण प्रिंटवर पांढरा ठिपका होऊन उतरणार. त्या ब्रश फिरवतात, तिरक्या उजेडात बघतात, परत ब्रश, आणि हा सगळा वेळ आम्ही व्हिडिओत मुद्दाम ठेवलाय कारण प्रिंटिंगचा अर्धा वेळ खरंच यातच जातो.

आणि हे बघा, आकाशात. पाण्यावर तेल पसरल्यासारखी वलयं. न्यूटन रिंग्ज. बेसची बाजू गुळगुळीत, काचही गुळगुळीत, दोन्ही जवळजवळ चिकटतात पण पूर्ण नाही, मधल्या हवेच्या पातळ थरात उजेड आपल्याशीच भिडतो आणि कडी उमटतात. हवा दमट असली की जास्तच. त्यावर वरची काच बदलायची, अँटी-न्यूटन काच लावायची, जिचा पृष्ठभाग किंचित खरबरीत असतो. ती वरच, बेसच्या बाजूला. इमल्शनच्या बाजूला साधी स्वच्छ काच पुरते, कारण इमल्शन मुळातच तेवढं गुळगुळीत नसतं, आणि खरबरीत काच खाली लावली तर तिचाच पोत प्रिंटवर यायचा धोका.

शेवटी काळ्या कागदाची चौकट, निगेटिव्हपेक्षा जेमतेम मोठी. ती नसेल तर भोवतालच्या मोकळ्या काचेतून येणारा उजेड चित्राचा कॉन्ट्रास्ट खातो. बरेच जण ही पायरी सोडतात आणि मग प्रिंट मळकट का येतोय म्हणून पेपरचा ग्रेड, म्हणजे कॉन्ट्रास्टचा प्रकार, बदलत बसतात.

(ग्रेन फोकसर. मधे, मग चारी कोपरे. सेफलाइट. डेव्हलपरमध्ये कागद.)

भिंगातून मधे ग्रेन, म्हणजे चित्रातले बारीक कण, दिसतोय, वरच्या कोपऱ्यात दिसतोय, खालच्या कोपऱ्यात पण तसाच. दिवा चालूच आहे आणि काही हलत नाहीये. इथे आम्ही बोलणं थांबवतो, कागद ट्रेमध्ये असेपर्यंत.

(धुतलेला प्रिंट, चारी काठांसह.)

पोलरॉइडने २००८ मध्ये ही फिल्म बंद करायचं जाहीर केलं, न्यू५५ नावाच्या छोट्या कंपनीने २०१४ मध्ये लोकांकडून पैसे उभे करून तशीच फिल्म परत आणली, तीही २०१७ च्या अखेरीस थांबली.

पण काढलेल्या निगेटिव्ह पाकिटांत आहेत, आणि स्कॅन करून मोकळं होण्याआधी एकदा तरी त्या कागदावर उतरवाव्यात असं आम्हाला मनापासून वाटतं. त्यासाठी लागणारं सामान मात्र झपाट्याने भंगारात चाललंय. जुना ४×५ एन्लार्जर विकताना किंवा काढून टाकताना त्याच्याबरोबरचा काचेचा कॅरिअर वेगळा काढा, वरची अँटी-न्यूटन काच मऊ कागदात गुंडाळा, कोणती काच वरची ते चिठ्ठीवर लिहा आणि जवळच्या डार्करूमला देऊन टाका.